रम नसलेली बाटली

लग्नानंतरची पहिली काही वर्षं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणं हे माझं रोजचं काम होतं. कोंबड्या कोंडायच्या, चूल पेटवायची आणि हा माणूस दारात आला की समोर उभं राहून म्हणायचं, "फुंका." तो फुंकायचा. रमचा वास आला की मी ताटावर ताट झाकून ठेवायची, नाही आला की गरम वाढायची. यावरून आमची फारशी भांडणं झाली नाहीत. नाकाशी वाद घालणार कसा?

संशय माझ्या माहेरचा आहे. माझी आई वांगं चिरायच्या आधी चारी बाजूंनी बघायची आणि चिरल्यावर पुन्हा बघायची. नवीन दुकानातून तांदूळ आणला की आधी तो चुलत्यांच्या घरी शिजू द्यायचा, त्यांना काही झालं नाही तर मग आमच्याकडे, अशी तिची पद्धत होती. त्यामुळे लोक मला संशयी म्हणतात तेव्हा मला राग येत नाही. ही बाई माहेराहून दोनच दागिने घेऊन आली, एक नाक आणि दुसरा संशय, असं माझी सासूच शेजारणींना सांगायची.

नवरा रोझ बेलच्या आसपासच्या मळ्यांतून साखर कारखान्यापर्यंत उसाची लॉरी चालवायचा. आमच्या या बेटावर जूनपासून वर्षअखेरीपर्यंत ऊसतोड चालते, तिला सगळे कूप म्हणतात. कुपेच्या दिवसांत लॉरीवाल्यांना घर म्हणजे फक्त कपडे बदलायची जागा. पहाटे मळ्यात, मग कारखान्याच्या फाटकावर लॉऱ्यांची रांग, वजन, उतरवणी आणि पुन्हा मळा. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसांसाठी फाटकासमोर एका चिनी माणसाचं दुकान होतं आणि दुकानाला एक मागची खोली होती. त्या खोलीत काय चालायचं ते माझ्या नाकाला पाठ होतं.

मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आमची मुलगी चालायला लागली त्या वर्षी, याने गणपतीपुढे रम सोडली. आमच्या वाडीच्या मराठी मंडळात अशी शपथ एकट्याने घरात घ्यायची नसते. आरतीनंतर सगळ्यांसमोर पुढे यायचं, हातात दूर्वांची जुडी धरायची आणि मोठ्याने बोलायचं. सगळ्यांनी ऐकलेली शपथ सगळेच राखतात, असं म्हातारे म्हणायचे. मोडली तर शिक्षा एकच, पण मोठी. तो माणूस विसर्जनाच्या दिवशी मूर्तीला हात लावू शकत नाही. आमच्या वाडीची मूर्ती नदीपर्यंत डोक्यावर नेण्याचा मान माझ्या सासऱ्यांचा होता, त्यांच्यानंतर याचा. हा तसा कमी बोलणारा माणूस, पण वर्षातून त्या एका दिवशी त्याची मान ताठ असायची. रम सोडताना त्याने काय पणाला लावलं होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

त्याने शपथ पाळली. रोज संध्याकाळी तो फुंकायचा आणि रोज ताट गरम वाढलं जायचं. पण मी "फुंका" म्हणायचं सोडलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर नवऱ्यालाच फुंकायला लावत होते.

दोन-तीन कुपा अशा गेल्या आणि एका संध्याकाळी वास बदलला. रम नव्हती. गोड वास होता, खोकल्याच्या औषधासारखा, त्यात जरा लिमलेटच्या गोळीचा. मी म्हटलं, पुन्हा फुंका. त्याने पुन्हा फुंकलं. तोच वास.

"काय प्यालात?"

"अगो, फोर्तिफ्याँ हाय. ताकदीचा औषध. सगळे लॉरीवाले पितात."

"ताकदीचं औषध? तुम्हाला काय झालंय?"

"काय नाय झाला. झोप येत नाय, कामाला जोर येतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला काही झालेलं नाही त्याने औषध का प्यावं? दुसऱ्या दिवशी त्याच्या खाकी पँटच्या खिशात मला एक पत्र्याचं झाकण सापडलं, त्यावर लाल कोंबडा आरवत होता. मी लॉरीच्या सीटखाली हात घातला. तिथे बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्या होत्या, रिकाम्या बऱ्याच आणि भरलेली एक. भरलेली मी पदराखाली घालून घरात आणली.

आमच्याकडे रम ओळखायची एक परीक्षा सगळ्या बायकांना ठाऊक होती. पळीत थोडी घ्यायची, पळी चुलीवर तापवायची आणि काडी लावायची. निळी ज्योत उठली की रम. मी ते तपकिरी पाणी पळीत ओतलं आणि तापवलं. काडी धरली तर ती विझली. दुसरी धरली, तीही विझली. पळीच्या बुडाला साखर चिकटून करपली, एवढंच झालं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"रम नाय ना?"

"नाय, आये."

"मंग झाला तर! कशाला माणसाच्या मागे लागतेस गो? सोडलीन ना त्याने?"

पण करपलेल्या साखरेने माझं समाधान झालं नाही. मी ती बाटली घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजी आमच्या मंडळाचे प्रमुख. सरकारी शाळेतून निवृत्त झालेले, शनिवारी बैठकेत, म्हणजे मंडळाच्या शाळेत, मुलांना मराठी शिकवायचे, आणि इंग्रजी वाचणारं वाडीत त्यांच्याइतकं कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, बाटली उजेडाकडे धरली, लेबल वाचलं आणि म्हणाले, "दारू नाही, असं स्पष्ट छापलंय. जीवनसत्त्वं आहेत, साखर आहे, आणखी काही पदार्थ आहेत."

"आणखी काही म्हणजे काय?"

"ते बारीक अक्षरात आहे. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं."

मला तर उलटं वाटायचं. ज्याला लपायचं असतं ते बारीक होतं. पण शिकलेल्या माणसासमोर, तेही मंडळाच्या ओटीवर, मी काय बोलणार? मी विचारलं, "उपासाला चालेल का?" मी टोमणा मारला होता. गुरुजींनी तो खरा प्रश्न समजून विचार केला आणि निर्णय दिला. अन्न नाही, दारू नाही, औषध आहे. चालेल.

हा निर्णय वाडीत वाऱ्यासारखा पसरला. श्रावणापासून गणपतीपर्यंत आमचे लोक मांसमच्छी सोडतात, बरेच जण एकवेळ जेवतात, आणि नेमकी तीच ऐन कूप. रिकाम्या पोटी उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं होतं? सकाळी भाकरीऐवजी एक कोंबडा. आम्ही त्या बाटलीला कोंबडाच म्हणायचो. गणपतीतल्या झाकडी नाचाची तालीम असली की मंडळाच्या खर्चाने एक खोका यायचा. गाणारे, नाचणारे आणि ढोलकी वाजवणारे सगळे आधी कोंबडा प्यायचे आणि मग गण सुरू व्हायचा. सासूबाईंनी गुडघ्यांसाठी अर्धी बाटली सुरू केली आणि आठवडाभर घरातली सगळी भांडी घासून काढली, मी कालच घासलेलीसुद्धा.

दारू सोडून कशालाही वाईट म्हणायची आमच्या लोकांना सवयच नव्हती. बापजाद्यांपासून घरं बुडताना पाहिली ती रमपायी. त्यामुळे कुठलीही बाटली समोर आली की प्रश्न एकच, रम आहे का? नाही ना, मग ती तीर्थ.

मी चिनी माणसाच्या दुकानात गेले तेव्हा तोही तेच म्हणाला. "पा पेर, मादाम. पेना रोम लादां." घाबरू नका, यात रम नाही. पूर्वेकडून जहाजाने माल येतो, तिकडे सगळे पितात, वगैरे. तो बोलत असताना मी त्याच्याकडे बघत होते. गुटगुटीत माणूस, तेलकट गाल, दुपारी काउंटरवर डोकं टेकून निवांत झोपणारा.

"तुम्ही पिता का रोज?" मी विचारलं.

तो हसला. "मी? मला कशाला? मला कुठे लॉरी चालवायची आहे?"

मी तिथेच समजले की कुठेतरी पाणी मुरतंय. स्वतःच्या दुकानातली मिठाई न खाणाऱ्या हलवायावर माझी आई कधी भरवसा ठेवत नसे.

त्या कुपेत नवऱ्याची एक बाटली होती, पुढच्या कुपेत तीन-चार झाल्या. मी झाकणांवरून ओळखायची. माणूसही बदलत गेला. आधी झोप गेली. रात्रभर कूस बदलायचा आणि सकाळी डोळे लाल घेऊन उठायचा, मग ते डोळे उघडे ठेवायला कोंबडा. पोटात जळजळ सुरू झाली, भाताचे चार घास खाऊन ताट सरकवायचा. लॉरी थांबवून दर थोड्या वेळाने उसाच्या आडोशाला जावं लागायचं, त्यावर बाकीचे लॉरीवाले हसायचे. चिडचिड अशी वाढली की मुलीने पाटी जोरात खाली ठेवली तरी अंगावर जायचा. ज्या माणसाने रम पिऊनसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, तो आता पाटीवरून ओरडत होता.

आणि मग हात कापायला लागले. सकाळी चहाचा कप बशीत खडखड वाजायचा. पूर्वी रमच्या दिवसांत तस्साच वाजायचा.

खरं सांगते, तेव्हा माझा संशय बाटलीवरून पुन्हा माणसावर गेला. हात कापतात, डोळे लाल, झोप नाही, जेवण नाही. ही सगळी लक्षणं मी ओळखून होते. हा गोड वास म्हणजे पांघरूण असणार, वरून कोंबडा आणि खाली रम. मी संध्याकाळी दोनदा, तीनदा फुंकायला लावू लागले. नाक जवळ नेऊन, डोळे मिटून वास घ्यायची. गोड, औषधी, तोच. रम नाही. मला रम सापडली असती तर बरं वाटलं असतं, इतकी मी त्या वासाला कंटाळले होते. शत्रू ओळखीचा असला की निदान त्याला शिव्या तरी देता येतात.

त्यात तो रविवारी समुद्राकाठच्या माएबूर्गला जायला लागला. लॉरी बंद, काम बंद, तरी सकाळीच बस धरायचा. मासे बघून येतो म्हणायचा आणि मासे न घेता यायचा. श्रावणात मासे कोण बघतं? सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे गो, वारा खायला जातो. मी म्हटलं, वाऱ्याला लुगडं आहे का ते मी बघून येते.

एका रविवारी त्याच्या मागच्या बसने मी गेले. बाजार धुंडाळला, माझ्या ओळखीच्या दोन बायकांच्या दारावरून उगाच चकरा मारल्या, आणि शेवटी समुद्राच्या कडेला बुटक्या दगडी भिंतीवर तो बसलेला दिसला. एकटाच होता. उन्हात, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर दाबलेली आणि ओठ हलत होते. मला वाटलं जप करतोय. जवळ गेले तर तो नाडीचे ठोके मोजत होता.

मला बघून तो दचकला नाही. जरा सरकला आणि मला बसायला जागा केली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"इथे," त्याने छातीवर हात ठेवला, "फडफडता. मधीच थांबता, मंग धावता. आणि रविवारी डोका असा ठणकता की घरात आवाज सहन होत नाय. म्हणून इथे येऊन बसतो."

"कधीपासून? आणि मला सांगितलं नाहीत?"

समोर होड्या डुलत होत्या. तो खाली बघून म्हणाला, "सांगू काय गो? रम मना सोडीत नाय. मी सोडली, पण ती सोडीत नाय. हात कापतत ते तिच्यासाठी. छाती धडधडता ती तिच्यासाठी. कोंबडा घेतला का हात जरा शांत होतत. रविवारी दुकान बंद, कोंबडा नाय, तर बघ डोक्याचा काय होता. ही बाटली हाय म्हणून शपथ हाय. ती नसती तर मी कधीच मागच्या खोलीत जाऊन बसलो असतो."

किती दिवस हा माणूस या भीतीत होता! हात कापायचे म्हणून बाटली, बाटलीमुळे पुन्हा हात कापायचे, आणि तो बिचारा सगळा दोष सोडलेल्या रमला देत होता. शपथ वाचवायला तो जे पीत होता तेच त्याला खात होतं. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं असं नाही. मला फक्त एवढं वाटलं की हा शहाणा माणूस चुकीच्या चोराला धरतोय.

"रम सुटून किती वर्षं झाली?" मी म्हटलं. "इतके दिवस कुणी मागे लागतं का? तुम्ही ती कोंबड्याची बाटली सोडून बघा."

"रविवारी सोडतोच ना. डोका फुटता."

"खाई त्याला खवखवे. डोकं फुटतं ते त्या बाटलीसाठी फुटतंय."

त्याने मान हलवली. त्याने हे गुरुजींच्या कानावर घातलं होतं म्हणे, आणि गुरुजी म्हणाले होते की गणपती परीक्षा बघतो, धीर धर. आता देवाची परीक्षा म्हटल्यावर बायकोचं कोण ऐकणार? माझा असा संताप झाला की त्या भिंतीवरून उठून गुरुजींचा चष्मा समुद्रात टाकावा असं वाटलं. पण गुरुजी तिथे नव्हते. आम्ही बसने परत आलो, आणि वाटेत त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लोक बघत होते तरी मी हलले नाही.

त्या वर्षीच्या विसर्जनाचा दिवस मला अजून कालच्यासारखा दिसतो. दुपारी आरती झाली. त्याला आदल्या दिवसापासून कडक उपास होता, मूर्ती उचलणाऱ्याने पाण्यावर राहायचं असतं. पाणी आणि औषध. सकाळपासून त्याने किती कोंबडे घेतले ते मला माहीत नाही, पण मांडवामागे झाकणं पायाखाली येत होती, ती मी वेचून पदराच्या गाठीत बांधली. मी म्हटलं, आज नका उचलू. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी गिळलं. न उचलणं म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट सांगणं होतं, आणि ती खोटी होती.

मिरवणूक नदीकडे निघाली. पुढे झाकडीवाले, मध्ये मूर्ती डोक्यावर घेतलेला माझा नवरा, मागे आम्ही बायका. उसामधली वाट, वर ऊन. ढोलकी आणि झांजा जोरात. थोडं अंतर गेलो आणि मूर्ती डुलायला लागली. आधी हळू, मग झोकात, डावीकडे आणि उजवीकडे. सोंडेवरचा हार झुलायला लागला.

"देव डोलतोय!" कुणीतरी ओरडलं. "बाप्पा नाचतोय!"

लोकांना आनंदाचं भरतं आलं. ढोलकीवाल्याने ठेका वाढवला. बायकांनी हात जोडले, कुणी कुंकू उधळलं. माझी सासू रडायला लागली, तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर देव असा कधी नाचला नव्हता. ज्याच्या डोक्यावर देव डोलतो तो धन्य, असं सगळे म्हणत होते.

सगळे वर बघत होते. मी एकटी खाली बघत होते. त्याच्या मानेवरची शीर दिसत होती, ती ठेक्यात उडत नव्हती. धावायची, अडायची, पुन्हा धावायची. कोपरं थरथरत होती. कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्या उन्हात त्याची पाठ थंड घामाने निथळत होती. पाऊल टाकताना टाच जमिनीला लागत नव्हती.

मी पुरुषांच्या रांगेत घुसले आणि ओरडले, "थांबवा! देव खाली घ्या!"

ढोलकी थांबली नाही. कुणीतरी माझा दंड धरला. "आयो! काय करतेस गो? देव नाचतोय!"

"देव नाही नाचत! माझा नवरा पडतोय!"

माझा आवाज मोठा आहे, त्या दिवशी तो उपयोगी पडला. धाकट्या दिराने वर बघायचं सोडून भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि झेप घेऊन मूर्ती धरली. आणखी दोघांनी हात लावला. मूर्ती त्यांच्या हातात गेली आणि माझा नवरा गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला, उसाच्या पाचोळ्यात. ढोलकी आता थांबली. मी त्याच्या छातीला कान लावला. आत पिंजऱ्यात चिमणी सापडल्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात गुरुजी वाकले, त्यांच्या हातात उघडलेली तपकिरी बाटली होती. "दोन घोट पाजा, ताकद येईल." मी ती बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि उसात भिरकावून दिली. गुरुजींच्या हातातून असं काही कुणी आजवर घेतलं नव्हतं.

इस्पितळात आम्ही एका लॉरीच्या मागे बसून गेलो, मी, दीर आणि गुरुजी. तिथला डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. त्याने छाती तपासली, नाडी बघितली, थरथरणारे हात उचलून बघितले. मग तो वाकला आणि त्याने माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला.

"ली बुआर?" त्याने विचारलं. दारू पितो?

गुरुजींनी खाली बघितलं. दिरानेही खाली बघितलं. मला त्या क्षणी कळलं की त्या दोघांच्या मनातही तेच होतं, आणि उद्या सकाळपर्यंत सगळ्या वाडीच्या मनात तेच असणार होतं. शपथ मोडली, म्हणून देवाने खाली पाडलं. लॉरीवाला, हात कापणारा, मराठ्यांच्या वाडीतला. डॉक्टरचं पेन कागदाकडे निघालंसुद्धा होतं. आणि खाटेवर माझा नवरा शुद्धीत होता. तो सगळं ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

मी म्हटलं, "नाही."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलंही नाही. बायका असंच म्हणतात, हे त्याला माहीत असणार.

"नाही म्हणतेय मी," मी क्रेओलमध्ये सांगितलं, मोठ्याने, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल इतक्या. "लग्न झाल्यापासून मी रोज याच्या तोंडाचा वास घेते. रोज. आजारी असले तरी घेते. माझा या माणसावर कधीच विश्वास नव्हता. रम असती तर तुमच्याआधी मी सांगितलं असतं. मुलगी चालायला लागली तेव्हापासून या तोंडाला रमचा थेंब लागलेला नाही. लागलंय ते हे." आणि मी पदराच्या गाठीतून झाकणं काढून त्याच्या टेबलावर ओतली.

दिराने मान वर केली. गुरुजी मात्र त्या झाकणांकडे बघत राहिले, जणू प्रत्येक कोंबडा त्यांना नावाने हाक मारत होता.

डॉक्टरने एक झाकण उचललं, ते त्याच्या ओळखीचं होतं. रोज किती, कधीपासून, पोटात काय असतं, झोप किती, रविवारी काय होतं, असं तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. त्याने पेन खाली ठेवलं होतं. मग त्याने समजावलं. यात कॉफीतलंच सत्त्व आहे, पण घोटभर पाण्यात दाटून भरलेलं, आणि वर साखरेचा पाक. ते ताकद देत नाही. थकलेल्या शरीराला थकलोय असं म्हणू देत नाही, एवढंच. रोज घेतलं की झोप जाते, पोट जळतं, हात कापतात, आणि एक दिवस सोडलं की डोकं ठणकतं, म्हणून माणूस पुन्हा घेतो. उपाशीपोटी, उन्हात, अंगातलं पाणी आटलेलं असताना आणि डोक्यावर ओझं घेऊन तर काळीज ताल सोडतं. कुणाकुणाचं पुन्हा तालावर येत नाही, असंही तो म्हणाला.

"म्हणजे रम नाय?" खाटेवरून आवाज आला. "रम मागत नव्हती?"

"रमचा याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाला.

माझ्या नवऱ्याने डोळे मिटले. एवढा आजारी माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

गुरुजींनी पुढच्या शनिवारी मंडळात उभं राहून सांगितलं की शपथ अभंग आहे, मोडली म्हणणाऱ्याने त्या माणसाच्या बायकोला भेटावं. मला भेटायला कुणी आलं नाही. मात्र खोका बंद झाला असं समजू नका. तालमीला तो आणखी कितीतरी वर्षं येत होता, फक्त गुरुजी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. लोक मला म्हणायचे, त्यांचं काळीज नाजूक होतं, आम्हाला काही होत नाही. मी त्यांच्या चहाच्या कपाकडे बघायची. कितीतरी कप बशीत वाजायचे. पुढच्या वर्षी धाकट्या दिराने मूर्ती उचलली, कारण डॉक्टरने ओझं बंद केलं होतं. माझा नवरा मूर्तीच्या पुढे दूर्वांचं ताट घेऊन चालला, मान ताठ ठेवून. मूर्ती जराही डोलली नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ती मिरवणूक फिकी वाटली.

पण ते नंतरचं. इस्पितळातून घरी आला त्या संध्याकाळी तो दारात थांबला. बाटली सोडल्याने डोकं अजून ठणकत होतं, गाल आत गेले होते. मी कोंबड्या कोंडून येत होते. तो माझ्यासमोर उभा राहिला, जरा वाकला, आणि मी काही म्हणायच्या आधीच त्याने ओठांचा चंबू केला.

"राहू द्या," मी म्हटलं.

मी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि छातीला कान लावला. सासूबाई आतून बघत होत्या, बघू दे. आत सरळ चाललं होतं. मग एक ठोका चुकला. मी कान आणखी दाबला. पुन्हा सरळ चाललं. मी तशीच ऐकत उभी राहिले, चुलीवरचा भात लागल्याचा वास यायला लागला तरी.

"झाला ऐकून?" तो म्हणाला.

"उद्या पुन्हा ऐकणार," मी म्हटलं. "चला, जेवून घ्या."